चौदा महिने कुठे गेले?

राज्यात संशोधन फेलोशिप देणाऱ्या सर्व संस्थांचे महासंचालक, निवड समित्यांचे सदस्य आणि फेलोशिप विभागातले अधिकारी यांस,

सविनय नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्यापैकी एका संस्थेचं पत्र मला आलं. संस्थेचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. एका कार्यालयाविरुद्धची एका मुलीची तक्रार म्हणून हे पत्र फाईलला लागावं, असं मला वाटत नाही. आलेलं पत्र सव्वा पानाचं आहे. त्याचा मतलब एवढाच, की माझी फेलोशिप विद्यापीठातल्या नोंदणीच्या दिवसापासून धरणार नाहीत, निवड यादी लागली त्या दिवसापासून धरणार. माझी नोंदणी जुलै २०२३ ची. यादी लागली सप्टेंबर २०२४ मध्ये. मधले चौदा महिने त्या सव्वा पानात गेले. महिना ३७,००० रुपयांनी त्याचे ५,१८,००० रुपये होतात. घरभाडे भत्ता वेगळा.

हे पैसे मला हवे आहेत, हे आधीच स्पष्ट सांगते. ते मागायला मला संकोच वाटत नाही, कारण त्या चौदा महिन्यांत मी संशोधनच करत होते. कोर्सवर्क त्याच काळात झालं. आराखडा त्याच काळात मंजूर झाला. सहामाही प्रगती अहवालही मी दिला आणि तो आपल्या फाईलमध्ये आहे.

माझा विषय कोल्हापूर जिल्ह्यातल्या गुऱ्हाळघरांवरचे मजूर हा आहे. कोल्हापूरचा गूळ सगळ्यांना माहीत असतो. शाहूपुरीत शाहू महाराजांनी १८९५ साली वसवलेली गुळाची बाजारपेठ माहीत असते, भौगोलिक मानांकन मिळाल्याचंही अनेकांना ठाऊक असतं. चुलवाणाच्या, म्हणजे रस आटवायच्या भट्टीच्या, तोंडाशी बसून रात्रभर चिपाड, म्हणजे रस काढलेल्या उसाचा वाळलेला चोथा, आत ढकलणारा माणूस मात्र कुणाच्या कागदावर नाही. माझे वडील तीस वर्षं ते काम करत आले. त्यांच्या उजव्या हाताच्या कोपरापासून खाली केस उगवत नाहीत. काहील, म्हणजे रस आटवायची मोठी कढई, उतरायची वेळ झाली की गुळव्या, म्हणजे गूळ शिजवणारा जाणकार, सगळ्यांना हाक देतो, चौघे मिळून काहील कलती करतात आणि उकळता पाक गूळ थंड करायच्या वाफ्यात पडतो. लहानपणी मी आईच्या मांडीवरून ते बघायची. तेव्हा तो मला खेळ वाटायचा. एम.ए.ला असताना श्रम आणि स्थलांतर यावरचे पेपर वाचले आणि लक्षात आलं, की हे सगळं मी बघितलेलं आहे, पण वाचलेल्या एकाही पानात ते नाही. वर्गात शिकवणाऱ्या एकाही प्राध्यापकाने चुलवाणाची धग चेहऱ्यावर घेतलेली नव्हती. त्यात त्यांचा दोष नाही. त्या धगीतून उठून विद्यापीठापर्यंत पोचणारी माणसंच फार थोडी. आपली फेलोशिप ज्या कारणासाठी आहे ते कारण मला त्या वर्गात समजलं.

आता तक्रारी सांगते. प्रत्येक तक्रार माझ्या किंवा माझ्या बरोबरच्या कुणाच्या अंगावरून गेलेली आहे.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार घड्याळाची. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२२ च्या नियमावलीप्रमाणे पीएच.डी.ची मुदत प्रवेशाच्या दिवसापासून मोजतात, कमाल सहा वर्षं. म्हणजे विद्यापीठाचं घड्याळ माझ्यासाठी जुलै २०२३ पासून चालू आहे. आपलं घड्याळ सप्टेंबर २०२४ ला सुरू झालं. आपली जाहिरात कधी निघेल, छाननी किती महिने चालेल, यादी कधी लागेल, यातलं काहीही माझ्या हातात नव्हतं. उशीर आपल्याकडून झाला आणि त्याची कपात माझ्या खात्यातून होते आहे. हा न्याय कुठला?

आणि हा उशीर सगळ्यांना सारखा लागत नाही. ज्याच्या घरी पगार येतो, तो दीड-दोन वर्षं थांबू शकतो. त्याला फेलोशिप मिळाली तर चांगलंच, उशिरा मिळाली तरी त्याचं काम चालू राहतं. ज्याच्या घरून काही येणं शक्य नाही, तो सहाव्या-सातव्या महिन्यात कुठेतरी कामाला लागतो आणि मग परत येत नाही. निवड यादी लागेपर्यंत टिकलेल्यांमध्येच आपण निवड करता. ज्यांच्यासाठी ही योजना काढली त्यांच्यातले कितीतरी त्याआधीच गळालेले असतात, त्यामुळे आपल्या आकड्यांत ते कधी दिसतही नाहीत.

माझा एक मित्र असा गेला. शाहूवाडी तालुक्यातल्या धनगरवाड्यावरचा. वनस्पतिशास्त्रात होता. सह्याद्रीतल्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, पावसाळ्यात उगवून दोन-तीन महिन्यांत संपून जाणाऱ्या वनस्पतींवर त्याचं काम होतं. असा अभ्यास वर्षातून एकदाच करता येतो. पहिला पावसाळा त्याने उसनवारीवर काढला. दुसऱ्या पावसाळ्यात धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं आणि सड्यावर जायला गाडीत पेट्रोल टाकायलाही पैसे उरले नाहीत. आता तो शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत सुपरवायझर आहे. खोली सोडताना त्याने वाळवलेले नमुने माझ्याकडे ठेवायला दिले. जुन्या वर्तमानपत्रांच्या घड्या, प्रत्येक घडीत एक रोप, कोपऱ्यात त्याच्या बारीक अक्षरात तारीख, ठिकाण, उंची. दर महिन्याला मी त्या घड्या उघडून कसर लागली नाही ना ते बघते. त्याची निवड झाल्याचा ईमेल तो कामाला लागल्यावर पाच महिन्यांनी आला.

दुसरी तक्रार हमीपत्राची. फेलोशिप चालू असताना मी कुठेही नोकरी किंवा अर्थार्जन करणार नाही, असं आपण लिहून घेता. नियम योग्यच आहे, पूर्णवेळ संशोधन करायचं तर ते हवंच. मी तासिका तत्त्वावर एका कॉलेजात शिकवत होते, ते काम सप्टेंबर २०२४ मध्ये सोडलं आणि हमीपत्र दिलं. स्टॅम्प शंभराचा होता, पुढच्याच महिन्यात तो पाचशेचा झाला, तेवढं एक वाचलं. त्यानंतर पहिला पैसा खात्यावर आला जून २०२५ मध्ये. नऊ महिने. काम करायचं नाही असं लिहून घेतलं आणि नऊ महिने एक रुपया दिला नाही. या नऊ महिन्यांत विद्यार्थ्याने काय खावं, असं त्या नियमात अपेक्षित आहे?

मी काय केलं ते सांगते. आईने बचत गटातून चाळीस हजार काढले. आत्याने कानातले दिले, ते अजून गहाण आहेत. मी वहीच्या मागच्या पानावर कुणाचे किती ते लिहीत गेले. आबा, म्हणजे माझे वडील, दर महिन्याच्या दहा तारखेला फोन करायचे. "पोरी, आलं का न्हाई पैसं?" मी म्हणायचे, पुढच्या महिन्यात. त्यांना फेलोशिप हा शब्द नीट म्हणता येत नाही, ते त्याला पगारच म्हणतात. मार्चमध्ये त्यांनी विचारायचं थांबवलं. त्यांचा विश्वास उडाला असं ते बोलले नाहीत, पण शेजारच्या काकांना सांगताना मी ऐकलं, "सरकारी काम हाय, त्येचं काय खरं न्हाई." नऊ महिन्यांचे पैसे एकदम आले तेव्हा निम्मे देण्यात गेले.

त्याहून मोठं नुकसान पैशात मोजता येत नाही. गुऱ्हाळं दिवाळीच्या सुमारास पेटतात आणि उन्हाळा लागला की थंड होतात. २०२४-२५ चा हंगाम माझा मुख्य क्षेत्रकार्याचा हंगाम होता. करवीर, पन्हाळा, राधानगरी अशा तीन तालुक्यांत फिरायचं, मजुरांबरोबर रात्री थांबायचं, मुलाखती ध्वनिमुद्रित करायच्या, असा आराखडा मंजूर होता. पैसे नव्हते म्हणून मी आमच्या गावातल्या आणि शेजारच्या दोन गावांतल्या गुऱ्हाळांपुरतीच राहिले. जिथे चालत जाता येत होतं तिथे गेले. हा धंदा आकसतो आहे. गेल्या वर्षी पेटलेलं चुलवाण पुढच्या वर्षी पेटेल याची खात्री कुणी देत नाही. त्या हंगामात पन्हाळ्याच्या बाजूला मी ज्या म्हाताऱ्या गुळव्याला भेटणार होते, त्यांचं गुऱ्हाळ मालकाने मोडून टाकलं. ते आता मुलाकडे पुण्याला असतात. पाकाची गोळी पाण्यात टाकून आवाजावरून पारख करणारा तो माणूस कामावर असताना बघायचा राहिला तो राहिलाच.

डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात पीएच.डी.च्या फेलोशिपचा विषय निघाला, तेव्हा पीएच.डी. करून हे काय दिवे लावणार, असा प्रश्न सभागृहात विचारला गेला. मी तेव्हा नुकती कोर्सवर्कला बसत होते. आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ती चित्रफीत फिरली आणि रात्री बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही. त्या प्रश्नाचं उत्तर मी इथे देते. मी ज्या चार गुऱ्हाळांवर राहिले, तिथे मजुरी दिवसावर नव्हती, आधणावर, म्हणजे एका वेळी काहिलीत शिजणाऱ्या रसावर, होती. काहिलीत रस कमी उतरला, ऊस उशिरा आला, घाणा बंद पडला, तर तोटा मजुराचा. चुलवाणाशी बसणाऱ्या माणसाला हातमोजे कुणी देत नाही, डोळे तपासायला कुणी नेत नाही. बायका चिपाड वाळवतात, गोळा करतात, आणि त्या कामाची मजुरी नवऱ्याच्या उचलीत धरलेली असते, वेगळी लिहिलीच जात नाही. हे कुणीतरी नीट मोजून, नोंदवून ठेवायला हवं. ते काम मी करते आहे.

तिसरी तक्रार कागदांची. अर्जात माझ्या संशोधन विषयाला एक चौकट आहे, तिच्यात दोन ओळी मावतात. जात, पडताळणी, उत्पन्न, रहिवास आणि ज्याला लागू त्याला नॉन-क्रिमीलेअर, यासाठी मात्र पाच वेगवेगळे दाखले. माझी जात मी त्या दाखल्यांत लिहून दिली आहे, इथे पुन्हा लिहीत नाही. पात्रता तपासायलाच हवी, खोटे लाभार्थी शिरतात हे मलाही माहीत आहे. पण एकच जात वैधता प्रमाणपत्र अर्ज करताना, कागद तपासताना, रुजू होताना आणि पहिल्या अहवालाबरोबर, असं चार वेळा साक्षांकित करून मागायचं कारण काय? ते सरकारनेच दिलेलं आहे, त्याच्यावर क्रमांक आहे.

उत्पन्नाच्या दाखल्याचा प्रकार आणखी वेगळा. तो ३१ मार्चपर्यंत चालतो. जाहिरात मार्चमध्ये निघाली, मी चालू दाखला जोडला. छाननी जूनमध्ये झाली आणि दाखला मुदतबाह्य म्हणून माझा अर्ज त्रुटीत गेला. नवा दाखला काढायला तलाठी, मग सेतू, मग तहसील. सात दिवसांत त्रुटी पूर्ण करा असं ईमेलमध्ये होतं. तलाठ्यांकडे तीन गावं होती, ते आमच्या गावात आठवड्यातून दोनच दिवस यायचे. मी त्यांच्या मागे मोटरसायकलवर बसून दुसऱ्या गावी गेले आणि अहवाल घेतला. ती त्रुटी पूर्ण केली तर आणखी एक निघाली, मार्गदर्शकांच्या सहीखाली शिक्का पुसट आहे म्हणून. ती पूर्ण केली तर तिसरी. तीनही गोष्टी पहिल्याच दिवशी फाईलमध्ये होत्या, एकदम सांगता आल्या असत्या.

प्रत्येक त्रुटीला एक पुण्याची खेप. मध्यवर्ती बसस्थानकावरून पहाटेची एसटी धरायची, स्वारगेटला उतरायचं, कार्यालयात पोचेपर्यंत जेवणाची सुट्टी. बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे त्याचा मला फार आधार झाला. सातारा ते कागल रस्त्याचं काम चालू असल्यामुळे वेळेचा भरवसा नाही, एकदा मी पोचले तेव्हा टेबलावर कुणी नव्हतं, रात्री दीडला घरी आले. चंदगड, आजरा, गगनबावड्याच्या मुलांचा यापेक्षा एक दिवस जास्त जातो. कार्यालयात बसलेल्या ताईंबद्दल माझी काही तक्रार नाही. त्या एकट्या होत्या आणि त्यांच्यापुढे फायलींचा ढीग होता. त्यांनी मला पाणी दिलं. त्यांची संख्या वाढवणं आपल्या हातात आहे.

चौथी गोष्ट थोडक्यात. माझ्या आधीच्या मुलांनी डिसेंबर २०२३ मध्ये फेलोशिपची चाळणी परीक्षा दिली तेव्हा २०१९ च्या सेट, म्हणजे सहायक प्राध्यापकांच्या पात्रता, परीक्षेची प्रश्नपत्रिकाच पुढे आली आणि मुलांना बहिष्कार टाकावा लागला. हे सगळ्या राज्याने वाचलेलं आहे. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी असलेली मौलाना आझाद फेलोशिप केंद्राने २०२२-२३ पासून बंद केली. तो निर्णय आपला नाही, पण त्यामुळे आमच्या विभागातल्या मुस्लिम मैत्रिणींना अर्ज करायला एक दार कमी झालं. राज्याच्या पातळीवर त्यांच्यासाठी काही करता येईल का, हे आपण सरकारला कळवावं असं मला वाटतं.

हे मी कोल्हापुरातून लिहिते आहे म्हणून आणखी थोडं लिहिते. आपल्या जाहिरातींवर, माहितीपुस्तिकांवर राजर्षी शाहूंचं छायाचित्र असतं. २६ जूनला सामाजिक न्याय दिनी भाषणांत त्यांचं नाव येतं. २६ जुलै १९०२ चा निम्म्या जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवणारा आदेश सगळ्यांना पाठ आहे. त्या आदेशाच्या आधीपासून महाराजांनी दुसरं एक काम सुरू केलं होतं. खेड्यातलं पोर शिकायला शहरात आलं तर ते राहणार कुठे आणि जेवणार काय, हा विचार त्यांनी आधी केला. म्हणून या गावात बोर्डिंगं उभी राहिली. मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम, आणि १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. दसरा चौकातून जाताना त्यातल्या काही इमारती आजही दिसतात. पोटाला अन्न आणि डोक्यावर छप्पर हे शिक्षणाच्या आधी लागतं, शिक्षण अर्धं झाल्यावर देऊन चालत नाही, हे त्या इमारती रोज सांगतात.

बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले, तिथून लंडनला. शिष्यवृत्तीची मुदत संपली तेव्हा, १९१७ मध्ये, त्यांना लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परत यावं लागलं. पुन्हा लंडनला जाता आलं ते १९२० मध्ये, स्वतःची बचत, एका पारशी मित्राचं कर्ज आणि शाहू महाराजांची मदत यांच्या बळावर. तीन वर्षं मध्ये गेली. एवढ्या ताकदीच्या माणसाचीही पैशाअभावी तीन वर्षं जाऊ शकतात, तर सड्यावरच्या माझ्या मित्राचं काय झालं असेल त्याचं आश्चर्य वाटायला नको.

म्हणून माझ्या मागण्या.

फेलोशिप विद्यापीठातल्या नोंदणीच्या दिनांकापासून धरा. ज्यांची निवड आपल्या प्रक्रियेमुळे उशिरा झाली, त्या सगळ्यांना मधल्या काळाची थकबाकी द्या. मला आलेलं पत्र मागे घ्या आणि तसंच पत्र ज्यांना ज्यांना गेलं आहे त्यांचंही मागे घ्या.

हमीपत्र घेतल्यापासून तीस दिवसांच्या आत पहिला हप्ता खात्यावर जमा करा, आणि पुढे दर महिन्याला ठरलेल्या तारखेला. निधी आला नाही हे कारण असेल तर निधी येईपर्यंत हमीपत्र घेऊ नका, मुलांना तासिकेवर शिकवू द्या. आकस्मिक खर्चाची रक्कम हंगामी क्षेत्रकार्य असलेल्यांना हंगामाच्या आधी द्या. मानव्यविद्येला ती पहिली दोन वर्षं वर्षाला १०,००० रुपये आहे, फार मोठी नाही, पण वेळेवर आली असती तर मी पन्हाळ्याला गेले असते.

जाहिरातीचं वेळापत्रक वर्षाच्या सुरुवातीला जाहीर करा. अर्जाला किमान साठ दिवस द्या. सगळ्या त्रुटी एकाच वेळी, लेखी कळवा आणि पूर्ण करायला तीस दिवस द्या. अर्ज केला त्या दिवशी चालू असलेला दाखला छाननीतही ग्राह्य धरा. सरकारनेच दिलेली प्रमाणपत्रं क्रमांकावरून आपणच पडताळा.

कोल्हापुरात महिन्यातून दोन दिवस कागदपत्र तपासणीचं शिबिर ठेवा. सांगली, सातारा, सिंधुदुर्गाच्या मुलांनाही ते सोयीचं पडेल. जागा नसेल तर बोर्डिंगांच्या विश्वस्तांना विचारा, ते नाही म्हणणार नाहीत असं मला वाटतं.

अर्जात संशोधन विषयाला किमान एक पान ठेवा आणि ते वाचायला त्या विषयातली माणसं बसवा. मला मुलाखतीत एकच प्रश्न विषयावर विचारला गेला होता.

आणि शेवटची मागणी. निवड होऊनही जे रुजू झाले नाहीत, त्यांची यादी काढा. त्यांना फोन करा. का आला नाहीत ते विचारा, आणि ज्यांना परत यायचं आहे त्यांना येऊ द्या. माझ्या मित्राचा नंबर मी आपल्याला देऊ शकते. त्याची रोपं माझ्याकडे नीट आहेत.

यंदाचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो. मला ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पन्हाळ्याला खोली बघायची आहे. त्याआधी उत्तर यावं, ही विनंती.

आपली,
एक संशोधक विद्यार्थिनी,
कोल्हापूर